पांढऱ्या फडक्यावरची गोडंबी

माझे हात पाहिले की नवं माणूस आधी विचारतं, भाजलं का? भाजलं नाही. बिब्ब्यानं खाल्ले. उभी हयात मेहकरच्या बाजारात बसून मी बिब्बा आणि गोडंबी विकली. आमच्या वस्तीतल्या शाळेच्या बाई दिवाळीचा अंक काढतात. त्या म्हणाल्या, बाबा, तुमच्या धंद्याचं लिहा, आताच्या लोकांना काहीच माहीत नाही. मी म्हटलं, चौथीत शाळा सोडली, मी काय लिहिणार? त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा, काना-मात्रा मी पाहते. तर काना-मात्रा बाईंच्या आणि बाकीच्या चुका माझ्या.

बिब्ब्याचं झाड डोंगराच्या अंगाला येतं. फळ विचित्र. वर पिवळं-केशरी मऊ फूल आणि त्याच्या बुडाला काळं टणक बी. फूल वाळवून खातात, गोड लागतं. बी म्हणजे बिब्बा. त्याच्या कवचात डांबरासारखं तेल असतं. ते अंगाला लागलं की खाज सुटते, फोड येतात, तोंड सुजून डोळे मिटतात. याला आमच्याकडे बिब्बा उतणं म्हणतात. काही माणसांना तो उततच नाही, तेलात हात बुडवले तरी. आणि काही माणसं नुसती झाडाखालून गेली तरी दुसऱ्या दिवशी ओळखू येत नाहीत. कोण कसं निघेल ते तोंडावर लिहिलेलं नसतं. याच तेलानं पूर्वी धोबी कपड्यावर खूण करायचे. कपडा फाटेल पण खूण जायची नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्या कवचाच्या आत पांढरी गोडंबी. चवीला चारोळीची मोठी बहीण समजा. खोबरं, खारीक, डिंक आणि गोडंबी यांचा लाडू आमच्या भागात बाळंतिणीला देतात. थंडीत म्हाताऱ्यांना देतात. कंबर धरलेली माणसं उठून कामाला लागलेली मी पाहिली आहेत. बाळंतिणीच्या अंगात ताकद येताना पाहिली आहे. आता लोक म्हणतात, यानं साखर जाते, गाठी विरघळतात. ते मी पाहिलं नाही. जे पाहिलं नाही ते सांगून मी कधी माल विकला नाही.

मात्र गोडंबी गरम. चार-पाच दाणे, तेही थंडीत, तुपासोबत नाहीतर खोबऱ्यासोबत. पोटुशी बाई, लहान लेकरू, ज्याच्या लघवीला आग होते असा माणूस, यांनी हात लावू नये. आणि अख्खा बिब्बा तर कोणीच आपल्या मनानं खाऊ नये. त्याचं शुद्ध करायचं काम वैद्यांचं. माझं नाही, तुमचंही नाही.

फोडायचं काम बायकांचं आणि बाजारात बसायचं माणसांचं, अशी आमच्या धंद्याची वाटणी. माझे हात काळे झाले ते पोती उपसून. माझ्या बायकोचे, गयाचे हात तुम्ही पाहिले असते तर माझ्या हातांकडे पाहिलं नसतं. हाताला गोडं तेल चोपडायचं, वर राख लावायची, खाली दगड, हातात लहान हातोडी. बिब्बा उभा धरायचा आणि एकच ठोका. जोर कमी पडला तर फुटत नाही, जास्त पडला तर आतल्या गोडंबीचा चुरा आणि तेलाची चिळकांडी तोंडावर. बरोबर बसला तर गोडंबी अख्खी बाहेर. मग ती राखेत घोळायची, पाखडायची आणि एकेक दाणा निवडायचा. ज्या दाण्याला कवचाचं तेल लागलं त्याच्यावर तपकिरी-काळा ठिपका दिसतो. तो डागी. डागी दाणा पोटात गेला तर ज्याला उततो त्याचं तोंड, घसा, सगळं उतून येतं.

गयाच्या मालात डागी दाणा नसायचा. बाजारात मी छाती काढून सांगायचो, "गयाबाईच्या हातची हाये, निवडाचं काम नाही." हे वाक्य मी किती हजार वेळा बोललो असेन.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एक एसटीचा डायव्हर होता. त्याला रजा मिळत नव्हती. त्यानं माझ्याकडून दोन बिब्बे नेले आणि पायाला चोळले. सूज आली की दवाखान्याचा कागद मिळेल असा हिशोब. पायाला चोळलेला हात त्यानं धुतला नाही आणि मग कुठंकुठं लावला ते त्याचं त्याला माहीत. पंधरा दिवस घरात लुंगीवर फेऱ्या मारत होता. रजा मिळाली म्हणा. नंतर स्टॅन्डवर दिसला की मी विचारायचो, "काय बे, रजा पाह्यजे का अजून?" तो शिव्या देत गाडीत चढायचा.

एक कचेरीतले साहेब होते. गोडंबीनं ताकद येते असं कोणाकडून ऐकलं. भर चैत्रात मूठ-मूठ कोरडी खाल्ली. आठव्या दिवशी तोंडात छाले आणि लघवीला जाताना डोळ्यात पाणी. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, तुझा माल खराब आहे. मी काही बोलायच्या आधी गया बोलली. त्या दिवशी ती माझ्यासोबत बाजारात होती. "सायेब, मिरची चांगली असली म्हून मूठभर खातेत काय?" साहेब निघून गेले. पुढच्या थंडीत स्वतः आले आणि गयाला विचारून पाव किलो घेऊन गेले.

हसण्यासारखं एवढंच. न हसण्यासारखंही एक आहे. ते लिहायचं की नाही असं बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही ठरवा. लिहितो.

आमची पोरं लहान होती तेव्हाची गोष्ट. एक माणूस आला. त्याच्या आईला दमा होता. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की बिब्ब्याला सुई टोचून दिव्यावर धरायचा आणि तेलाचे थेंब दुधात टिपायचे. त्यानं मला विचारलं, किती थेंब? मला काय माहीत? पण दुकानावर बसलेल्या माणसाला माहीत नाही म्हणायची लाज वाटते. मी म्हटलं, पाच. असंच. तोंडाला आला तो आकडा.

त्या म्हातारीचं तोंड भोपळ्याएवढं झालं. घसा आतून सुजला. बुलढाण्याच्या दवाखान्यात नेली, तिथं वाचली. तिचा लेक बाजारात येऊन मला लोकांसमोर बोलला. मी उलटा त्याच्यावर चढलो. माल चांगला होता, तुम्हाला देता आला नाही, असं म्हणालो.

घरी येऊन गयाला तेच सांगितलं. ती राख लावलेले हात तसेच मांडीवर ठेवून बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "पाच कोणी सांगतले तुमाले?" मी उठून बाहेर गेलो. त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मला तेव्हा तिचा राग आला. आपल्या माणसाची बाजू घ्यायची सोडून परक्याची घेते, असं वाटलं. त्या माणसाकडे जाऊन चुकलो म्हणायला पाहिजे होतं. गेलो नाही. आता ती म्हातारीही नाही आणि तो माणूस कुठं आहे ते ठाऊक नाही.

गया मागच्या पावसाळ्यात गेली. छातीत कळ आली, गाडी येईपर्यंत संपली. पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, लोक पुष्कळ आले. चांगलं चांगलं बोलले. मी एका कोपऱ्यात बसून तिच्या हातोडीकडे पाहत होतो. घरात ठोक्याचा आवाज नाही, हे मला अजून खरं वाटत नाही. सकाळी चहा दोन कप होतो. एक मी पितो, दुसराही मीच पितो.

शेवटच्या दोन वर्षांत तिच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन कर म्हटलं तर म्हणायची, हंगाम झाल्यावर. हंगाम झाला की म्हणायची, ऊन कमी झाल्यावर. आणि निवडताना दिसतं का असं विचारलं की म्हणायची, "गोडंबी हाताले दिसते मले." मी मानलं. मला मानायचंच होतं.

तिच्या हातची शेवटची गोडंबी एका पत्र्याच्या डब्यात होती. तो डबा मी विकायला काढला नाही. दुसऱ्या बायकांकडून माल घेऊन बाजारात बसायचो, हा डबा घरात, तिच्या फोटोच्या खाली. उघडून वास घ्यायचो आणि झाकण लावायचो.

त्यानंतरच्या थंडीत दुसरबीडच्या इंदूबाई बाजारात माझ्याकडे आल्या. गयाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांची पोरगी वर्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला मुलगी झाली होती, लाडू करायचे होते. गया गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. माझ्यासमोर बसून त्या रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मामा, तिच्या हातची उरली असन तर तीच द्या. माह्या वर्षाले दुसऱ्याची नाही देत मी."

मला काय झालं सांगता येत नाही. एवढ्या महिन्यांत कोणी गयाच्या हाताचं नाव काढलं नव्हतं. मी त्यांना तिथंच बसवून घरी गेलो, डबा आणला आणि त्यातली अर्धा किलो तोलून दिली. पुडी बांधताना तेच जुनं वाक्य बोललो, निवडायचं काम नाही. दाणे हातात घेऊन पाहिलेसुद्धा नाहीत. पाहिले असते तर तिच्यावर संशय घेतल्यासारखं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उन्हाला बसलो होतो. डब्यात अर्धी उरली होती. म्हटलं, हवा लागू द्यावी. सुपात पसरली. ऊन तिरपं होतं. त्यात एका दाण्यावर ठिपका दिसला. मी तो उचलला. वाटलं, राख असेल. बोटानं पुसला, गेला नाही. मग दुसरा दिसला. मग मी चष्मा लावून एकेक दाणा पाहिला. सुपात अकरा डागी दाणे निघाले.

अकरा दाणे म्हणजे काही फार नाहीत असं तुम्हाला वाटेल. पण ज्याला उततो त्याला एक पुरतो. आणि वर्षाला उततो की नाही हे मी विचारलंच नव्हतं. इतर गिऱ्हाइकांना विचारतो. इंदूबाई जुन्या म्हणून राहून गेलं. अंगावर पाजणारी ओली बाळंतीण आणि तिचा घसा सुजला तर? तान्ह्या लेकराच्या तोंडाला काही झालं तर? ती पाच थेंबवाली म्हातारी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

इंदूबाईंचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. विहाराच्या मागं घर आहे, एवढं गया कधीतरी बोलली होती. चप्पल घातली आणि स्टॅन्डवर आलो. गाडी सुलतानपूरला थांबली, बिबीला थांबली, किनगावला थांबली. प्रत्येक ठिकाणी मला वाटलं की हा कंडक्टर मुद्दाम उशीर करून राहिला. शेजारच्या माणसानं विचारलं, बाबा, कोणी सिरीयस हाये का? मी म्हटलं, माहीत नाही. 

गाडीत मी दोन गोष्टींचा विचार करत होतो. एक, वर्षा आणि तिचं लेकरू. दुसरी लिहायला लाज वाटते, पण लिहितो. दुसरी ही की आता तिथं जाऊन मला माझ्या तोंडानं सांगावं लागणार, गयाचा हात चुकला. मेलेल्या बाईचं नाव मीच खराब करायचं. एकदा मनात आलं, दुसऱ्या बाईचा माल चुकून दिला म्हणावं. पण मग कोणत्या तरी जिवंत बाईवर आळ आला असता. आणि खोटं बोलायला गेलो की पाच थेंब आठवतात.

घर सापडलं. ओट्यावर उन्हात खाट टाकलेली, खाटेवर वर्षा बसलेली, मांडीवर लेकरू. हातात अर्धा लाडू. अर्धा पोटात गेलेला.

"ठेव तो लाडू खाली," मी म्हटलं. नमस्कार नाही, जय भीम नाही, दारातूनच.

वर्षा घाबरून माझ्याकडे पाहत राहिली. इंदूबाई हात पुसत बाहेर आल्या. "काऊन मामा? काय झालं? बसा तर पहिले."

मी बसलो नाही. म्हटलं, "इंदूबाई, गोडंबीत डागी दाणे हायेत. गयाले शेवटी दिसत नव्हतं. तिच्या हातून राह्यले. म्या पाह्यलं नाही, तसंच तोलून देल्लं."

एवढं बोललो. ओट्याच्या कडेला टेकलो. इंदूबाई माझ्याकडे पाहत होत्या. रागावतील असं वाटलं, रडतील असंही वाटलं. त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा एका हातात पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्या हातात घडी केलेलं पांढरं फडकं. जुन्या पांढऱ्या लुगड्याचा तुकडा. पौर्णिमेला विहारात जायला बायका नेसतात त्यातलं लुगडं असावं. पाणी मला दिलं आणि फडकं माझ्या पुढ्यात उलगडलं.

फडक्यावर काळे ठिपके होते. मी मोजले. नऊ.

"हे नऊ काहाडले म्या," त्या म्हणाल्या. "वाटीत ठेवले हायेत, पाह्याचे असतीन तर पाहा. बाकीचेच कुटले."

मला कळेना. म्हटलं, हे कोणी शिकवलं?

"गयाबाईनंच. पहिल्या खेपीलेच सांगतलं होतं, ते दम्याची बुढी सुजली होती ना, त्याच हंगामात. पांढरं फडकं घ्याचं, त्याले चुन्याची निवळी लावाची, गोडंबी त्याच्यावर एकेक मांडाची, वरून दुसरं फडकं आणि पाटा ठेवाचा. दाण्याले जरासंई तेल असलं तर फडक्यावर काळं उठते. म्हने, डोये चुकतेत, फडकं नाही चुकत."

मी म्हटलं, "आन् तिनं तुमाले सांगतलं?"

"मले काय, साऱ्याच बायायले सांगे. म्हने, माह्यावरई भरोसा ठेवू नका." इंदूबाई हसल्या. "आन् म्हने, यायले सांगू नका, यायले राग येते."

वर्षा खाटेवरून म्हणाली, "मामा, खाऊ का आता?" लाडू अजून तिच्या हातात होता. मी विचारलं, तुला कधी बिब्बा उतला होता का? इंदूबाई म्हणाल्या, तेही पाहिलं. लाडू करायच्या आधी एक साफ दाणा घासून तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून ठेवला होता, सकाळपर्यंत काही आलं नाही. हेही गयानंच सांगितलेलं. तरी मी म्हटलं, दिवसाला एकच खा, तोंडाला कुठं झिणझिण वाटली, ओठ जड वाटले तर बंद कर आणि सरळ दवाखान्यात जा, घरचे उपाय करत बसू नको. मग म्हटलं, खा.

तिनं खाल्ला. मी तिच्या तोंडाकडे पाहत बसलो. ती लाजली. इंदूबाई म्हणाल्या, मामा, बाळंतिणीले टक लावून पाहू नये. मग मी लेकराकडे पाहिलं. ते झोपलं होतं.

दुपारपर्यंत मी तिथं थांबलो. कामाशिवाय. जेवलो. मलाही एक लाडू दिला. गया घरात कधी लाडू करायची नाही, म्हणायची, दिवसभर गोडंबीचं तोंड पाहून खायला मन होत नाही. तिनं फोडलेल्या गोडंबीचा लाडू मी ती गेल्यावर दुसरबीडला खाल्ला. चांगला होता. खोबरं जरा कमी होतं, तसं इंदूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, गयाबाई असत्या तर त्याईबी हेच म्हणल्या असत्या.

निघताना मी ते फडकं मागून घेतलं. येताना गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. ती गेल्यापासून पहिल्यांदा मी गाडीत झोपलो. कंडक्टरनं मेहकरला उठवलं.

एक गोष्ट मला तेव्हापासून सुटत नाही. पाच थेंबांच्या त्या महिन्यात मला वाटलं होतं, ती माझ्यावर रुसली. ती रुसली नव्हती, कामाला लागली होती. मी बाजारात बसून निवडायचं काम नाही म्हणून ओरडायचो आणि ती माझ्या पाठीमागं घरी माल न्यायला येणाऱ्या एकेका बाईला फडकं शिकवायची. माझ्या तोंडाला ती आवर घालू शकत नव्हती. म्हणून तिनं माझ्या तोंडानं कोणी मरू नये एवढी सोय करून ठेवली. किती घरांत ती फडकी असतील, मला माहीत नाही. मला सांगितलं असतं तर मी भांडलो असतो, हेही खरं. तिला माझ्यापेक्षा मी जास्त माहीत होतो.

त्या नऊ ठिपक्यांचं फडकं मी घरी आणून धुतलं. साबण लावला, सोडा लावला, दगडावर आपटलं. डाग गेला नाही. जाणार नाही हे मला माहीत होतं, माझाच धंदा आहे. तरी धुऊन पाहिलं. आता ते तिच्या फोटोच्या खाली असतं, डबा होता तिथं.

अजून मी बाजारात बसतो, फक्त थंडीचे महिने. गयाची तीन पांढरी लुगडी होती, त्यांचे तुकडे करून ठेवले आहेत. गोडंबीच्या पुडीबरोबर एक तुकडा देतो आणि कसं करायचं ते सांगतो. लोक विचारतात, काऊन बाबा, तुमच्या मालावर भरोसा नाही काय?

मी म्हणतो, "नाही. माह्यावर ठेवू नका. फडक्यावर ठेवा."